गुराबेची प्रतिकृती : एक पाठचिकित्सा

१

दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रातील अन्य गावांप्रमाणे आटपाडीतही मुले अंगणात किल्ले करतात. माती, दगड आणि पोती यांतून तट उभे राहतात, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणली जाते आणि जलदुर्ग करावयाचा झाल्यास भोवती पाणी साठवून त्यात एखादी होडी सोडली जाते. या किल्ल्यांत कितीही चुका असल्या तरी त्या दुरुस्त होण्याची सोय आहे. प्रत्यक्ष किल्ले अद्याप उभे आहेत. सहलीला गेलेले मूल बुरूज पाहते, दरवाजाचे वळण पाहते आणि पुढच्या वर्षी आपला दरवाजा बदलते. पाण्यात सोडलेल्या होडीची गोष्ट वेगळी आहे. तिचे मूळ आज कोणत्याही बंदरात उभे नाही. त्यातून आटपाडी हे माणदेशातले, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले गाव. कोकणातील मुलाला निदान दारची होडी पाहून चित्रातील जहाजाविषयी शंका घेता येते. आटपाडीच्या मुलाला तीही सोय नाही. त्याच्या दृष्टीने गुराब म्हणजे त्याने पाहिलेली प्रतिकृती, आणि गलबत म्हणजे पाठ्यपुस्तकातील किंवा देखाव्यातील चित्र. जी वस्तू मुळाशी ताडून पाहता येत नाही, तिची प्रतिकृती करणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते.

ही जबाबदारी सामान्यतः ओळखली जात नाही. मराठी आरमाराच्या ज्या लाकडी प्रतिकृती समारंभांतून, बक्षिसांतून आणि शोभेच्या कपाटांतून आढळतात, त्यांपैकी पुष्कळांचा साचा एकच असतो : मागील बाजूस उंच चढत गेलेला मजला, तीन डोल, प्रत्येक डोलावर एकाखाली एक चौकोनी शिडे, आणि दोन्ही कुशींना जाळ्यासारख्या दोरांच्या शिड्या. वर भगवा ध्वज लावला की युरोपीय जहाज मराठी होते अशी समजूत त्यामागे असावी. या प्रतिकृतींचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. त्यांतील लाकूडकाम पुष्कळदा नेटके असते. प्रश्न कौशल्याचा नसून पुराव्याचा आहे. नौकेची प्रतिकृती ही एका अर्थाने ग्रंथाची संशोधित आवृत्ती होय, आणि आवृत्तीला लागू पडणारे नियम तिलाही लागू पडतात, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

लेखकाला जी सवलत असते ती प्रतिकृती करणाऱ्याला नसते. इतिहासकार "काही गुराबा दोन डोलांच्या, काही तीन डोलांच्या असत" असे लिहून पुढे जाऊ शकतो. प्रतिकृती करणाऱ्याला दोन किंवा तीन यांतून एक संख्या निवडावीच लागते. मग डोलाची जाडी, त्याचा कल, दोर बांधण्याची जागा, सुकाणू हलविण्याची रीत हे सारे ठरवावे लागते. वाक्यात संदिग्धता राहू शकते, लाकडात राहू शकत नाही. म्हणूनच शब्दांच्या आधारे लाकूड कापणाऱ्याने प्रथम शब्दांचे स्वरूप जाणले पाहिजे.

मराठीतील नौकाविषयक शब्दसंपत्ती विपुल आहे. बखरींतून आणि पत्रांतून गुराब, गलबत, तरांडे, तारू, शिबाड, मचवा, पाल अशी नावे एका दमात येतात. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि नंतर दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात यांपैकी पुष्कळांची नोंद सापडते. परंतु नाव आणि आकार यांचा संबंध वाटतो तितका सरळ नसतो. गुराब हा शब्द मुळात अरबी असून त्याचा अर्थ कावळा असा आहे. अरबी नौकांना तो फार पूर्वीपासून लावला जात होता आणि इंग्रजांनी त्याचेच रूपांतर आपल्या भाषेत करून घेतले. एकच नाव शतकानुशतके आणि बंदरोबंदरी फिरत राहिले, की त्याखालची वस्तू बदलत जाते. सतराव्या शतकातील कोकणातली गुराब आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या नदीमुखातली गुराब यांचे नाव एक म्हणून आकारही एक, असे मानणे म्हणजे "गाडी" या शब्दावरून बैलगाडी आणि आगगाडी एकाच साच्यात ओतण्यासारखे आहे.

समुद्राचे शब्द पठारावरही नांदतात, पण वेगळ्या अर्थाने. आटपाडीच्या शेतकऱ्याला नांगर म्हणजे जमीन फोडणारे अवजार. कोकणातील तांडेलाला नांगर म्हणजे नौका एका जागी धरून ठेवणारा लोखंडी आकडा. हे दोन शब्द दिसावयास एक असले तरी त्यांचे कूळ एक नाही. पहिला संस्कृत "लाङ्गल" या शब्दापासून आला, दुसऱ्याचे नाते फारसी "लंगर" या शब्दाशी आहे. मराठीच्या ध्वनिवळणात दोघे एका रूपाला येऊन मिळाले. डोल म्हणजे विहिरीतून पाणी काढावयाचे भांडे आणि डोल म्हणजे शिडाचा खांब. पाल म्हणजे रानात ठोकलेला तात्पुरता तंबू आणि पाल म्हणजे आरमारातील एक मोठी नौका. पठारावरचा वाचक हे शब्द ओळखीचे समजून वाचतो आणि त्यामुळेच फसण्याचा संभव अधिक असतो. जो शब्द मुळीच कळत नाही त्याच्यासाठी मनुष्य कोश उघडतो. जो कळल्यासारखा वाटतो त्याच्यासाठी उघडत नाही.

येथे माणदेशाच्याच साहित्याचे स्मरण होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या "माणदेशी माणसं" (१९४९) आणि "बनगरवाडी" (१९५५) या कृतींनी मराठी वाचकाला एक सवय लावली : माळरानावरील वस्तूला तिचे नेमके नाव असते आणि ते नाव चुकले की ते जगही खोटे होते. मेंढराला, झुडपाला, पांघरुणाला जर ही काटेकोर कसोटी लावावयाची, तर गलबताला ती लावू नये असे म्हणण्यास कोणतेही कारण दिसत नाही.

३

साक्षी कोणत्या आणि त्यांचे मोल किती, हा पाठचिकित्सेतील पहिला प्रश्न. मराठी गुराबेविषयी मुख्यत्वे तीन प्रकारच्या साक्षी उपलब्ध आहेत.

पहिली साक्ष घरची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील राजनीतिपर ग्रंथात, आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. तेथे नौकेचा आराखडा नाही, पण धोरण आहे, आणि धोरणातून आकाराचा अंदाज येतो. गुराबा आणि गलबते मध्यम आकाराची असावीत, पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, आणि वारा नसता ज्यांचा उपयोग होत नाही अशी थोरली जहाजे बांधण्याच्या भरीस पडू नये, असा त्याचा आशय आहे. अशा थोरल्या जहाजांपैकी एकासाठी त्या काळच्या मराठीत "फरगात" हे पोर्तुगीज वळणाचे नाव वापरलेले आढळते. यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की प्रचंड उंचीचे, बहुमजली जहाज हा अमात्यांच्या दृष्टीने मराठी आरमाराचा आदर्श नव्हता. शोभेच्या कपाटातील उंच पिछाडीची "गुराब" ही ज्या गोष्टीविरुद्ध अमात्यांनी इशारा दिला, नेमकी तिचीच प्रतिकृती ठरते.

लाकडाविषयीही आज्ञापत्र बोलके आहे. फळ्या, सोट आणि डोलाच्या काठ्या यांसाठी थोर लाकूड लागते. ते राज्यातील अरण्यातून परवानगीने तोडावे आणि कमी पडेल ते परमुलखातून खरेदी करावे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती मुलांप्रमाणे वाढविलेली असतात, असे तेथे बजावले आहे. प्रतिकृतीसाठी कोणते लाकूड निवडावे याचा विचार करणाऱ्याने हा मजकूर मुळातून वाचावा. डोलासाठी सरळ वाढलेला उंच सोट लागतो आणि तो मिळणे कठीण असते, एवढे त्यातून निश्चित कळते. प्रतिकृतीतील डोलाची उंची मनास येईल तशी वाढवू नये, हा धडा त्यात आहे.

दुसरी साक्ष शत्रुपक्षाची. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचा ग्रंथ १७६३ पासून प्रसिद्ध होऊ लागला. विजयदुर्ग पडून तेव्हा सातच वर्षे झाली होती. आंग्र्यांच्या नौकांचे त्याने केलेले वर्णन प्रतिकृती करणाऱ्याला सर्वांत उपयुक्त आहे. त्याच्या मते गुराबेला बहुधा दोन डोल असत, क्वचित तीन. तीन डोलांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलांची १५० टनांहून अधिक नसे. लांबीच्या मानाने ती रुंद, पाण्यात थोडी बुडणारी आणि मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी. पुढे नेहमीच्या जहाजासारखी फुगीर छाती नसून भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या जहाजांप्रमाणे लांब पुढे आलेली नाळ असे. ही नाळ मुख्य तक्तपोशीच्या पातळीत असून तिला कठडा नसे, कारण समोरून लाटा आल्या म्हणजे अशी नौका जोराने खालीवर होते आणि नाळेवर आदळलेले पाणी अडथळ्यावाचून वाहून जावे लागते. नाळ आणि उर्वरित नौका यांमध्ये आडवी भिंत. त्या भिंतीतील भोकांतून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा नाळेवरून थेट समोर मारा करीत. कुशींवरील तोफा सहा ते नऊ पौंडी असत.

या वर्णनाचा विशेष असा, की त्यात प्रत्येक अवयवाचे कारण दिले आहे. नाळेला कठडा का नाही, याचे उत्तर पाण्याच्या निचऱ्यात आहे. तोफा समोर का, याचे उत्तर पाठलागाच्या युद्धपद्धतीत आहे. नाळेवर सुबक कठडा बसविणारा कारागीर प्रतिकृतीला सजवीत नाही, तर ज्या कारणास्तव ती नौका तशी होती ते कारणच पुसून टाकतो.

गलबताविषयी ऑर्म अधिक स्पष्ट आहे. ते गुराबेच्याच घडणीचे पण लहान, मोठ्यात मोठे गलबत सुमारे ७० टनांचे. डोल दोन, मागचा अगदी हलका. मोठ्या डोलावर एकच त्रिकोणी आणि फार मोठे शीड, ज्याचे टोक चढविल्यावर डोलाच्याही वर जाई. वजन कमी राहावे म्हणून वरची पोशी चिरलेल्या बांबूंची. चाळीस ते पन्नास मजबूत वल्ही आणि त्यांच्या बळावर ताशी सुमारे चार मैलांचा वेग. येथे साधे गणितही साक्षीला येते. पन्नास वल्ही म्हणजे प्रत्येक कुशीला पंचवीस. वल्हेकऱ्याला मागेपुढे झुकावयास सुमारे तीन फूट जागा धरली, तर वल्ह्यांच्या ओळीलाच ७५ फूट लागतात. १:४८ या प्रमाणात ही ओळ पावणेएकोणीस इंच भरते. म्हणून हातभर लांबीच्या गलबतावर कुशीला सहा-सहा वल्ही लावून जी प्रतिकृती केली जाते, ती ऑर्मच्या मोठ्या गलबताची नव्हे. ती फार तर एखाद्या मचव्याची.

गुराबेच्या शिडांविषयी मात्र ऑर्मच्या या वर्णनात इतकी स्पष्टता नाही. आणि नेमकी येथेच तिसरी साक्ष, चित्रांची, घाईने पुढे आणली जाते. बाल्थाझार सोल्व्हिन्स या फ्लेमिश चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात राहून नौकांची चित्रे कोरली, त्यांत गुराबही आहे : तीन डोल, टोकदार नाळ आणि युरोपीय धर्तीची शिडे. राधाकुमुद मुकर्जींच्या भारतीय नौकानयनावरील ग्रंथामुळे (१९१२) हे चित्र भारतीय वाचकांच्या परिचयाचे झाले. चित्र विश्वसनीय आहे, पण ते कशाचे? कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. विजयदुर्गचे आरमार १७५६ मध्ये जळाले. सोल्व्हिन्सने पाहिलेली गुराब त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, दुसऱ्या किनाऱ्यावर, कंपनीच्या अमलाखालील व्यापारात वावरत होती. तिची शिडे कान्होजींच्या गुराबेवर चढविणे म्हणजे उत्तरकालीन पोथीतील पाठ मूळ संहितेत घुसडणे होय.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो विचारात घेणे न्याय्य आहे. आंग्र्यांच्या आरमारात पकडलेली युरोपीय जहाजेही होती. १७३५ मध्ये कंपनीचे डर्बी हे मोठे जहाज त्यांनी हस्तगत केले होते. तेव्हा चौकोनी शिडांचे जहाज मराठी आरमारात नव्हतेच असे म्हणता येणार नाही. हे खरे आहे. मग अशा प्रतिकृतीखाली "मराठ्यांनी पकडलेले इंग्रजी जहाज" असे लिहावे. ते लिहिण्यात कमीपणाही नाही. "गुराब" असे लिहावयाचे, तर नाळ गुराबेचीच हवी.

४

दोरांच्या मांडणीचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण प्रतिकृती खरी की शोभेची हे तेथेच ठरते. पठारावरच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ज्याने मोट पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, त्याला दोरांचे शास्त्र ठाऊक आहे. मोटेला दोन दोर : एक जाड नाडा, जो वरच्या चाकावरून जाऊन सारा भार ओढतो, दुसरे बारीक सोंदूर, जे खालच्या कण्यावरून जाऊन मोटेची सोंड धरून ठेवते. दोघांची लांबी अशी राखलेली असते, की मोट वर येताच सोंड आपोआप थारोळ्यात मोकळी व्हावी. सोंदूर हातभर कमी-अधिक झाले तर पाणी विहिरीतच परत जाते. मोटेची प्रतिकृती करणाऱ्याने दोन्ही दोर एकाच चाकावरून नेले, तर आटपाडीचा कोणताही म्हातारा शेतकरी हसेल. गलबताच्या प्रतिकृतीतील तशाच चुकीला हसणारा आटपाडीत कोणी नाही, एवढाच फरक.

नौकेवरील दोर दोन वर्गांत पडतात. काही डोलाला ताणून धरतात. काही शीड चढविण्या-उतरविण्यासाठी आणि वाऱ्याकडे वळविण्यासाठी सतत चालते असतात. चौकोनी शिडांच्या युरोपीय जहाजात डोल धरणारे दोर दोन्ही कुशींना कायम पक्के असतात आणि त्यांवर आडवे दोर बांधून खलाशांना वर चढावयाच्या शिड्या केलेल्या असतात. त्रिकोणी शिडाची रीत निराळी आहे. तेथे शीड एका लांब तिरप्या काठीला बांधलेले असते. वारा मागे घेऊन नौका दुसऱ्या कुशीवर वळवावयाची, तर ती काठी उभी करून डोलाच्या पुढून पलीकडे न्यावी लागते. कुशीचे दोर कायम पक्के असतील तर हे कामच होणार नाही. म्हणून ते सोडता-बांधता येण्याजोगे असतात आणि वाऱ्याच्या बाजूस ताणले जातात. पश्चिम किनाऱ्यावरील नौकांत डोल पुढे कललेला आढळतो, त्याचाही या रीतीशी संबंध आहे : काठी फिरविण्यास डोलापुढे मोकळीक मिळते.

यावरून एक सोपी कसोटी निघते. प्रतिकृतीतील प्रत्येक दोराला तीन प्रश्न विचारावेत : तो कोठून निघतो, कोठे बांधला जातो आणि तो ओढला असता काय होते? तिसऱ्या प्रश्नाला ज्या दोरापाशी उत्तर नाही, तो दोर नव्हे, नक्षी आहे. त्रिकोणी शिडाच्या गलबतावर दोन्ही कुशींना घट्ट बांधलेल्या दोरांच्या शिड्या या कसोटीला उतरत नाहीत, कारण त्या खऱ्या असत्या तर ते गलबत वळविताना त्याचे शीड अडकून पडले असते.

प्रमाणाचेही काही सापळे आहेत. इंग्रजी नौकाव्यवहारात दोराचे माप जाडीने नव्हे, परिघाने सांगण्याची प्रथा होती. "तीन इंची दोर" म्हणजे जेमतेम एक इंच जाडीचा. १:४८ या प्रमाणात तो सुमारे अर्धा मिलिमीटर भरतो; परिघालाच जाडी समजणारा कारागीर दीड मिलिमीटरहून जाड सुतळी लावतो आणि साऱ्या नौकेला जणू सोल बांधल्यासारखे दिसते. शिवाय सर्वच गुण प्रमाणात लहान होत नाहीत. लाकडाचे रेषे, कापडाचा ताठरपणा, दोराचा झोळ हे लाकूड लहान कापले म्हणून आक्रसत नाहीत. त्यामुळे जाडेभरडे कापड लावलेले शीड वाऱ्याने भरल्यासारखे दिसण्याऐवजी वाळत घातलेल्या पंचासारखे लोंबते. चांगला कारागीर लाकूड बारीक रेषेचे निवडतो आणि शीड फार पातळ कापडाचे करतो, किंवा काठीला गुंडाळूनच ठेवतो. गुंडाळलेले शीड ही पळवाट नसून पुष्कळदा ती प्रामाणिक निवड असते.

या बाबतीत फ्रेंच नौदल अधिकारी एदमों पारी याचे कार्य आदर्श म्हणावे लागेल. जगभर प्रवास करून त्याने युरोपबाह्य नौकांची मापे घेतली आणि १८४० च्या सुमारास त्यांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. मुंबई किनाऱ्यावरील फत्तेमारीचाही त्यात समावेश आहे. पुढे पॅरिसमधील नौकासंग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर अशा आराखड्यांवरून त्याने प्रतिकृती करवून घेतल्या. त्याच्या आधारे त्या काळच्या फत्तेमारीची प्रतिकृती खात्रीने करता येते. गुराबेसाठी मात्र तिचा उपयोग केवळ अनुमानापुरता, तोही सांगून-सवरून.

५

नौकेचे मूळ नाहीसे झाले असताना तिची पुनर्रचना कशी करावी, याची दोन अलीकडची उदाहरणे उद्बोधक आहेत. एक परदेशातील. स्वीडनचे वासा हे युद्धनौकांचे जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडाले आणि १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढण्यात आले. मूळ हाती असूनही प्रश्न संपले नाहीत. पिछाडीवरील शिल्पांची पार्श्वभूमी निळी असावी असे प्रथम मानले गेले. पुढे लाकडावर उरलेल्या रंगकणांची तपासणी झाली आणि ती तांबडी होती असे ठरले. संग्रहालयातील १:१० प्रमाणाची मोठी प्रतिकृती या उत्तरकालीन निष्कर्षानुसार रंगविलेली आहे. मत बदलणे हा दोष नसून संशोधनाचे लक्षण आहे, हे तेथे मान्य झालेले दिसते.

दुसरे उदाहरण घरचे, आणि त्याचा धागा आडवळणाने का होईना, आटपाडीच्या परिसराशी जुळतो. १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत आटपाडी औंध संस्थानात होती. त्या संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी १९३२ मध्ये परिचयग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९३८ मध्ये औंधला संग्रहालय उभारले. समुद्रापासून दूर असलेल्या संस्थानात अजिंठ्याची चित्रे अभ्यासाचा विषय झाली होती; आणि त्याच अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील, पाचव्या शतकातील एका चित्रात तीन डोलांची एक नौका आहे. त्या चित्रावरून भारतीय नौदलाच्या देखरेखीखाली गोव्यात एक पूर्ण आकाराची नौका बांधण्यात आली. २०२३ मध्ये काम सुरू झाले. २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे "कौंडिण्य" या नावाने ती नौदलात दाखल झाली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली.

या प्रकल्पाचे महत्त्व त्याच्या पद्धतीत आहे. चित्रकाराने नौका सपाट भिंतीवर रंगविलेली. तिची रुंदी, तळाचा आकार, फळ्यांची जोडणी यांपैकी काहीच चित्रात नाही. फळ्या खिळ्यांवाचून काथ्याच्या दोरीने शिवावयाच्या हे किनाऱ्यावरील जिवंत परंपरेतून घेतले गेले. शिवणकाम केरळच्या कारागिरांनी केले. तळाच्या आकाराची परीक्षा मद्रासच्या तंत्रविद्यासंस्थेत झाली. म्हणजे चित्र, परंपरा आणि परीक्षा या तीन निरनिराळ्या साक्षी येथे एकत्र आल्या, आणि कोणता भाग कोणत्या साक्षीचा हे सांगता येण्याजोगे राहिले. नाळेवरील सिंहव्याल किंवा शिडांवरील गंडभेरुंड ही चिन्हे अजिंठ्याच्या चित्रातील नव्हेत, ती नव्याने योजलेली आहेत, हेही उघड आहे. प्रश्न एवढाच, की पन्नास वर्षांनंतर कौंडिण्याचे छायाचित्र पाहणाऱ्याला ते उघड राहील काय? सिंहव्याल पाचव्या शतकातला आहे असे समजून एखादा कारागीर तो आपल्या प्रतिकृतीवर कोरील, आणि मग ती प्रतिकृती पुढच्या प्रतिकृतीचा आधार होईल. पोथ्यांत प्रक्षेप शिरतात ते याच वाटेने.

६

उपाय शोधावयास दूर जावे लागत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीत एक साधी युक्ती आहे : जो पाठ संपादकाला पुरेसा निश्चित वाटला नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ दिलेली असते. वाचकाला श्लोक पूर्ण मिळतो. त्याच वेळी संपादकाचा पाय कोठे डळमळीत आहे हेही कळते. नौकेच्या प्रतिकृतीला अशा नागमोडी रेघेची आवश्यकता आहे.

ती रेघ लाकडात कशी काढावी, याचे पूर्वसंकेतही आहेत. सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्रजी नौदलाच्या प्रतिकृतींत तळाकडील फळ्या पुष्कळदा मुद्दाम न लावता आतील फासळ्या उघड्या ठेवलेल्या असत. प्रतिकृती अपूर्ण दिसली तर तिचा मान जातो, ही समजूत त्या कारागिरांची नव्हती. त्याच धर्तीवर गुराबेच्या प्रतिकृतीत जे भाग प्रत्यक्ष साक्षीवर उभे आहेत ते पूर्ण रंगवावेत. जे समकालीन किंवा उत्तरकालीन नौकांवरून अनुमानिलेले आहेत ते बिनरंगाच्या लाकडात ठेवावेत. आणि ज्यांना कल्पनेवाचून आधार नाही ते करूच नयेत. या नियमाने नाळ, आडवी भिंत आणि समोर रोखलेल्या दोन तोफा रंगतील. डोलाचा कल कोऱ्या लाकडात राहील. पिछाडीवरील सोनेरी वेलबुट्टी गळून पडेल. शिडांपैकी गलबताचे त्रिकोणी शीड निश्चयाने चढेल आणि गुराबेची शिडे काठीला गुंडाळलेली राहतील. अशी गुराब कपाटात कदाचित कमी शोभेल. पण ती पाहणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, या दोन्ही गोष्टी ती सांगेल.

अभिमानाच्या विषयात इतकी काटछाट कशाला, असे विचारले जाण्याचा संभव आहे. उत्तर असे, की उंच पिछाडीची उसनी प्रतिकृती अभिमानाचेच नुकसान करते. उथळ पाण्यात शिरणारी, वारा पडला असता मध्यम आकाराच्या जोरावर उपयोगी राहणारी, नाळेवरून समोर मारा करणारी गुराब आणि वल्ह्यांच्या बळावर हालणारी गलबते ही एका विशिष्ट किनाऱ्यावर, विशिष्ट साधनांत काढलेली बुद्धीची तोड होती. तिच्या जागी परक्या जहाजाचा लहानसा अवतार ठेवला, की पाहणाऱ्याची समजूत होते ती एवढीच, की मराठ्यांनी युरोपीयांचे अनुकरण केले आणि ते आकाराने उणे पडले.

आटपाडीच्या अंगणातील किल्ल्याभोवतीच्या पाण्यात जी होडी पुढच्या दिवाळीत सोडली जाईल, ती कागदाची असली तरी चालेल. कागदाची होडी कोणाचीही प्रतिकृती असल्याचा दावा करीत नाही. परंतु कोणी तेथे लाकडाची गुराब आणून ठेवणार असेल, तर त्या मुलाच्या प्रश्नांची उत्तरे तिच्यापाशी असली पाहिजेत. मोटेचा नाडा आणि सोंदूर ज्याच्या आजोबांनी ओढले, तो मुलगा एखाद्या दोराकडे बोट दाखवून तो ओढला तर काय होते, असे विचारल्यावाचून राहणार नाही.